वंशावळ : पुरावा की कैफियत?

शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांतील घराण्यांच्या वंशावळी व कुलवृत्तांत यांची हस्तलिखिते आमच्याकडे तपासावयास येऊ लागली त्यास आता बरीच वर्षे झाली. शाळेतील नोकरी संपल्यावर हा उद्योग वाढला, आणि अलीकडे तर इतका वाढला की, मेजावर संस्कृत ग्रंथांस जागा उरलेली नाही. याचे कारण उघड आहे. २०२३ साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली कुणबी नोंदींच्या शोधाकरिता समिती नेमली गेली. तेव्हापासून ज्या घरांत मोडीचा एक कागद कोणी उलगडून पाहिला नव्हता, त्या घरांतील तरुण मंडळी खापरपणजोबांचे नाव धुंडाळीत अभिलेखागारांच्या पायऱ्या चढू लागली आहेत. हेतू कोणताही असो, कागद उजेडात येतात हे इष्टच होय. परंतु ढीग वाढला त्या मानाने परीक्षणाची बुद्धी वाढलेली नाही. आणि या दोषाचे वाटेकरी आम्हीही आहोत, हे वाचकांस पुढे दिसून येईल.

या हस्तलिखितांचा साचा बहुधा ठरलेला असतो. पहिल्या पानावर राजपुतान्यातील एक वीर घोड्यावर मांड टाकून दक्षिणेकडे निघतो. दुसऱ्या पानावर गोत्र, देवक, कुलदैवत आणि शहाण्णव कुळींतील स्थान येते. तिसऱ्या पानावर तोच वीर, वाटेतील सारी शतके एका दमात ओलांडून, भीमेच्या काठी पाटील होऊन बसलेला आढळतो. आणि चौथ्या पानापासून लेखकाच्या आजोबांचे चरित्र छायाचित्रासह सुरू होते. मध्यंतरी आलेल्या एका वंशावळीत चितोड पडले त्या १३०३ सालापासून आजच्या लेखकापर्यंत अवघ्या अकरा पिढ्या दाखविल्या होत्या. हिशेब करता दर पिढीस सुमारे पासष्ट वर्षे येतात. एका शतकात साधारणतः तीन ते चार पिढ्या होतात, हे कोणत्याही घरातील हयात माणसांवरून पडताळून पाहता येते. यास शाळेतील त्रैराशिकाहून अधिक विद्या लागत नाही. आम्ही हे लेखकास दाखविले तेव्हा तो म्हणाला, "गुरुजी, पूर्वीची माणसे दीर्घायुषी असत." दीर्घायुष्य मान्य केले तरी अकराही पुरुषांस म्हातारपणीच पुत्र का व्हावा, याचा उलगडा त्यास करता येईना.

गोत्राची गोष्टही अशीच. याज्ञवल्क्यस्मृतीवरील मिताक्षरेत विज्ञानेश्वराने क्षत्रिय व वैश्य यांनी पुरोहिताची गोत्रप्रवरे घ्यावीत असे म्हटले आहे. म्हणजे गोत्रावरून घराण्याचा उपाध्या कोण होता याचा फार तर तर्क करता येईल, रक्ताचा नव्हे. शहाण्णव कुळींच्या ज्या याद्या छापल्या गेल्या आहेत त्याही एकमेकींशी जुळत नाहीत. देवक आणि कुलदैवत यांचे मोल मात्र आम्ही अधिक मानतो. कारण त्या गोष्टी पुस्तकात लिहून ठेवावयाच्या नसून लग्नकार्यात प्रत्यक्ष पाळल्या जातात, आणि जे पाळावे लागते ते सहसा कोणी नव्याने रचीत नाही.

मग खरी स्मृती किती दूर जाते? आमच्या मते श्राद्धाइतकी. श्राद्धाच्या संकल्पात पिता, पितामह, प्रपितामह असे तीन पुरुष उच्चारले जातात. त्यापलीकडचे नाव घराण्याच्या तोंडी राहण्याचे विधीत कारणच नाही. पण त्याच श्राद्धात माता, पितामही व प्रपितामही यांचीही नावे येतात, आणि मातामहाकडील तीन पुरुषही येतात, ही गोष्ट वंशावळकार सोयीस्करपणे विसरतात. छापील झाडात पुरुषांच्या नावांची फळे लटकत असतात, आणि ज्यांच्या पोटी ती आली त्यांचा पत्ता नसतो. आमच्या एका शेजाऱ्यांच्या घरी वडिलांच्या हातची श्राद्धाची एक लहानशी वही आहे. त्यांच्या कुलवृत्तांतात नसलेली स्त्रियांची नावे आम्हांस त्या वहीत सापडली. आणि ती वही आजवर देव्हाऱ्याखालच्या फळीवर, कापूर व वातींच्या डबीशेजारी पडून होती.

तोंडी स्मृती संपली की कागद सुरू होतो, आणि येथेच मुख्य घोटाळा आहे. मोडी दप्तरांत सापडणारी वंशावळ कुलाभिमानाने लिहिलेली क्वचितच असते. वडीलपणाचा तंटा, वतनाची वाटणी, दत्तकाची मान्यता, इनामाची चौकशी, असे काही तरी प्रकरण उभे राहिले म्हणजे ती लिहिली जाई. १८५२ च्या कायद्यानुसार इनाम कमिशनचे काम चालले तेव्हा आपला भोगवटा अखंड आहे हे दाखविण्यासाठी घरोघर कैफियती लिहिल्या गेल्या आणि त्यांस वंशावळी जोडल्या गेल्या. अशा वंशावळीत हक्क सिद्ध होण्यास जेवढे पुरुष लागतात तेवढे असतात. वाटा मागू शकेल असा चुलता त्यात नसण्याचा संभव फार. म्हणून वंशावळ हाती आली म्हणजे ती कोणी, कोणापुढे आणि काय मिळविण्याकरिता दिली, हे आधी विचारावे. न्यायाधीश वादीचे म्हणणे पुरावा समजून निकाल देत नाही. आमचे कुलवृत्तांतकार मात्र कैफियत सापडली की तीच गंगोत्री समजून तीत स्नान करतात.

राजवाड्यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' काढण्यास आरंभ केला आणि बावीस खंड प्रसिद्ध केले. सरदेसायांनी पेशवे दप्तरातून निवडलेल्या कागदांचे पंचेचाळीस भाग १९३० नंतरच्या चार-पाच वर्षांत संपादिले, आणि उतारवयात १९५७ साली 'ऐतिहासिक घराण्यांच्या वंशावळी' सिद्ध केल्या. या थोरांच्या श्रमांपुढे आमच्यासारख्याने बोलू नये. तथापि एवढे म्हणणे भाग आहे की, ती घराणी दरबारची व लढायांची आहेत, गावची नव्हेत. गावच्या घराण्यास जो नमुना मिळाला तो दुसरीकडून, म्हणजे कोकणस्थ कुलवृत्तांतांतून. त्या कुलवृत्तांतांविषयी आम्हांस आदर आहे. शाखांची मांडणी, घरोघर पाठविलेल्या प्रश्नावल्या, सुनांची माहेरे व लेकींची सासरे यांच्या नोंदी, हे काम पुष्कळ ग्रंथांत चिकाटीने झालेले आहे. पण ते ज्या कुळांचे होते ती मूळ गावातून निघून देशोदेशी पांगलेली होती. त्यांस एकत्र आणणारे सूत्र नाव हेच होते. देशावरच्या कुणबी, मराठा, माळी, धनगर घरांचे तसे नाही. त्यांचे नाते जमिनीशी व गावाशी होते, आणि तो नमुना जसाच्या तसा उचलल्याने जमीन बाहेर राहिली व नाव तेवढे आत आले.

देशावरच्या गावात मिराशी घराण्याची जमीन थळाने ओळखली जाई. थळ म्हणजे गावच्या शिवाराचा, मूळ वसविणाऱ्या घराण्याच्या नावाने चालणारा तुकडा. घराणे नष्ट झाले वा परागंदा झाले तरी थळाचे नाव तेच राही, आणि त्या जमिनीस गतकुळ म्हणत. एल्फिन्स्टन यांच्या १८१९ च्या अहवालात थळकऱ्यांचे वर्णन आहे. डॉक्टर टॉमस कोट्स यांनी त्याच सुमारास पुण्याजवळच्या लोणी गावाचा वृत्तांत लिहिला. आणि कर्नल साइक्स यांनी १८३५ साली दख्खनच्या जमीनधाऱ्यावर लिहिताना थळांचा व गतकुळांचा विचार केला. परके लोक, आणि त्यांचा हेतू सारावसुलीचा. परंतु गावात पूर्वी कोण होते हे कळण्यास जी वाट त्यांस दिसली ती आमच्या कुलवृत्तांतकारांस अद्याप दिसत नाही. थळझाड्याचा कागद हाती आला तर आज गावात नसलेली घराणी त्यात नावानिशी उभी राहतात. पुढे १८३६ साली इंदापुराकडून नवी पैमाश लागू होऊ लागली, सर्व्हे नंबर आले, आणि थळाचे नाव सरकारी कागदातून गेले. शेतकऱ्यांच्या तोंडी ते कोठे कोठे अजून आहे. ते ऐकून टिपून घेण्यास आता फार वेळ उरलेला नाही, कारण चासकमानचे कालवे, कारखाने आणि रांजणगावची औद्योगिक वसाहत यांनी शिवारांची रूपे पालटली आहेत, आणि बांधांबरोबर बांधांची नावेही जात आहेत.

घराणी का तुटली हेही गावच्या कागदावाचून कळत नाही. सन अर्बा मयातैन व अलफ म्हणजे १२०४. त्यात ५९९ मिळविले म्हणजे इसवी १८०३-०४ येते. होळकरांच्या स्वारीमागून आलेल्या दुष्काळाचे ते वर्ष. त्या एका वर्षाने किती घरे भीमेच्या पलीकडे गेली व किती परत आली, याचा शोध घेतल्याखेरीज या भागातील कोणत्याही वंशावळीतील रिकामी जागा भरता येणार नाही. पुढे १८७६-७७ चा दुष्काळ, मग प्लेग, मग १९१८ चा इन्फ्लुएन्झा. (प्रसंगाने आठवले म्हणून सांगतो : एका हस्तलिखितात 'अर्बा' हे कोणा बाईचे नाव समजून संपादकाने तिला मूळ पुरुषाची धाकटी पत्नी करून टाकले होते. वंशावळीत स्त्रीचे नाव आले ते हे असे.)

हा सगळा पंडिती खल आहे, त्याने कोणाचे काय बिघडते, असे म्हणणाऱ्यांस आम्ही वढू बुद्रुककडे बोट दाखवितो. ११ मार्च १६८९ रोजी छत्रपती संभाजी महाराजांचा वध झाला. त्यांच्या देहावर अंत्यसंस्कार कोणी केले याविषयी शिरूर तालुक्यातील या गावी दोन परंपरा सांगितल्या जातात. एक शिवले घराण्याचे नाव घेते, दुसरी महार समाजातील गोविंद गोपाळ यांचे. डिसेंबर २०१७ च्या अखेरीस गोविंद गोपाळ यांच्या समाधीसंबंधीच्या फलकावरून गावात तंटा झाला. तीनच दिवसांनी, १ जानेवारी २०१८ रोजी, कोरेगाव भीमाच्या परिसरात दंगल उसळली, एका तरुणाचा जीव गेला, आणि चौकशीकरिता न्यायमूर्ती पटेल यांचा आयोग नेमावा लागला. दंगलीची कारणे अनेक आणि त्यांचा निर्णय करण्याचे स्थान हे त्रैमासिक नव्हे. आम्हांस इतकेच नमूद करावयाचे आहे की, फलकावर चार ओळींपलीकडे जागा नसते, आणि आधार कोठला, कोणत्या सालचा, कोणाच्या हातचा, हे त्या चार ओळींत मावत नाही. दोन्ही परंपरा घराण्यांनी व समाजांनी जपलेल्या आहेत. दोहोंत बादशाही फौजेच्या दहशतीपुढे गावकरी माणसांनी दाखविलेले धैर्य हाच गाभा आहे. ज्यास त्यांपैकी एकीचा पुरस्कार करावयाचा असेल त्याने कागद, शाई, वळण, शिक्का व कालोल्लेख यांची परीक्षा करून मगच लेखणी उचलावी. आणि दुसरीचे खंडन करावयाचे असेल तर तोच नियम अधिक कडकपणे पाळावा. दुसऱ्याच्या पूर्वजाचे नाव पुसणे हे आपल्या पूर्वजाचे नाव लिहिण्याहून जबाबदारीचे काम आहे.

तेथून जवळच, नदीपलीकडे पेरण्याच्या हद्दीत, तो प्रसिद्ध स्तंभ आहे. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टॉन्टन याची पलटण शिरूरच्या छावणीतून निघाली आणि दुसऱ्या दिवशी कोरेगावास लढली. १८२१ साली स्तंभाचे काम सुरू झाले. त्या लढाईचा राजकीय अर्थ सांगणारे पुष्कळ आहेत. वंशेतिहासाच्या दृष्टीने स्तंभाकडे पाहणारे आम्हांस फारसे भेटले नाहीत. त्यावर कामी आलेल्या ४९ जणांची नावे कोरली असून त्यांपैकी २२ 'नाक' या प्रत्ययाची आहेत. त्यांतील अनेक नावांपुढे बापाचे नावही आहे. ज्या समाजास वतनाच्या कागदात महारकी एवढ्या एका शब्दात गुंडाळले जाई, ज्याच्या घरी वंशावळ लिहून ठेवावयास कोणी कारकून येत नसे, त्या समाजातील बापलेकांच्या जोड्या येथे दगडात आहेत. 'नाक' या शब्दाची व्युत्पत्ती सांगण्याचा मोह आम्ही आवरतो. त्या मोहापायी राजवाड्यांच्या 'नामादिशब्दव्युत्पत्तिकोशा'च्या नादाने आम्ही तरुणपणी पुष्कळ आडनावे संस्कृतात बुडवून काढली आहेत.

शिरूर गाव, म्हणजे लोकांच्या बोलण्यातले घोडनदी, हे तर वंशावळीने समजणारे गावच नव्हे. छावणीभोवती बाजार वाढला आणि बाजाराबरोबर मारवाडी, गुजराती, मुसलमान, ख्रिस्ती अशी घरे वसली. कोणाचे मूळ गाव मारवाडात तर कोणाचे नगरात. अशा गावाला पूर्वज कोण? याचे उत्तर गावाने मोठे चमत्कारिक दिले आहे. १८०९ साली येथे वारलेल्या कर्नल वॉलेस याच्या थडग्यास लोक सत्पुरुष मानून भजत, आणि सुगीत पहिल्या धान्याचा नैवेद्य तेथे नेत, अशी नोंद पुणे जिल्ह्याच्या १८८५ च्या गॅझेटियरात आहे. ज्याचा येथे वंश नाही, ज्याची भाषा व धर्म निराळे, त्यास आसपासच्या गावांनी आपल्या पितरांच्या पंक्तीस बसविले. गॅझेटियरकाराने हे नवल म्हणून टिपले आहे. आम्हांस त्यात नवल वाटत नाही. नैवेद्य नेणाऱ्याने कोठे वंशावळ तपासली होती?

दौंड तालुक्यात दुसरा प्रकार दिसतो. १८७८ साली मनमाडकडील लोहमार्ग सुरू होऊन दौंड हे जंक्शन झाले, आणि निरनिराळ्या प्रांतांची, निरनिराळ्या भाषांची रेल्वेची माणसे तेथे आली. त्यांच्या कुळाचा शोध पाटील-कुलकर्ण्यांच्या दप्तरात नव्हे, रेल्वेच्या नोकरीच्या कागदांत घ्यावा लागेल. आणि केडगावला तर वंशावळ उलटी वाचावी लागते. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून अनाथ मुली व विधवा आणल्या आणि केडगावी मुक्तिसदन उभे केले. १९०० च्या दुष्काळात गुजराथेतूनही मुली आल्या. त्यांतील कित्येकींस बापाचे नाव सांगता येत नव्हते, गाव ठाऊक नव्हते. त्यांपैकी ज्यांचे संसार झाले त्यांच्या नातवंडा-पणतवंडांच्या वंशावळीचा मूळ पुरुष ही एक दुष्काळातली मुलगी आहे. आमच्या नमुन्यातील झाडास असे मूळ लावताच येत नाही. कारण मुलीशी वंश संपतो असे तो नमुना मानतो, आणि ज्यास मुलीच झाल्या त्याच्या नावापुढे 'निर्वंश' असे लिहून मोकळा होतो. १९९४ व २००५ च्या कायद्यांनी लेकींना वडिलार्जितात वाटा दिल्यापासून वारसनोंदीकरिता प्रतिज्ञापत्रावर द्यावयाच्या वंशावळीत लेकीबाळी लिहाव्या लागतात. तलाठ्याकडील तो साधा कागद आज कित्येक सोनेरी अक्षरांच्या कुलवृत्तांतांहून खरा आहे, असे म्हणण्याची पाळी आली आहे.

'निर्वंश' या शब्दाशी आमचे एक जुने देणे आहे. ते आता फेडतो.

सुमारे तीस वर्षांपूर्वी आमच्या एका माजी विद्यार्थ्याच्या घराण्याचा कुलवृत्तांत आम्ही तपासून दिला. घराणे घोडकाठच्या एका गावचे पाटील. त्यांच्याजवळ इनाम कमिशनपुढे दिलेल्या कैफियतीची नक्कल होती. तीत मूळ पुरुषाच्या नातवंडांत दोनच भाऊ दाखविले होते. शिवाय पेशवाईच्या उत्तरार्धातील शिवेच्या तंट्याचा एक महजर होता. महजराच्या शेवटी हाजीर मजालशीची यादी, आणि यादीत तीन भाऊ. धाकट्याच्या नावापुढे 'नि॥' अशी दोन अक्षरे आणि त्यापुढे कसरीने खाल्लेले भोक. कैफियतीत दोन आणि महजरात तीन, याचा मेळ कसा घालावयाचा? आम्ही 'नि॥' म्हणजे निर्वंश असे वाचले. मेळ सुरेख बसला. कुलवृत्तांत छापला गेला, त्यावर आमची प्रस्तावना आहे, आणि प्रस्तावनेत या 'शोधा'चा उल्लेख आम्ही किंचित अभिमानाने केलेला आहे.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात दौंड तालुक्यातून एक वृद्ध शेतकरी आमच्याकडे आले. आडनाव तेच. त्र्यंबकेश्वरी नारायणनागबळीस गेले असता तेथील उपाध्यांच्या वहीतून उतरून घेतलेला कागद त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीतून काढला. उपाध्यांच्या या वह्या गावागावाच्या व घराण्यांच्या अनुक्रमाने राखलेल्या असतात आणि यात्रेस आलेला मनुष्य आपल्या पूर्वजांची व भावाबंदांची नावे तीत लिहवून जातो. त्या कागदात त्यांच्या मूळ पुरुषाचे नाव, घोडकाठचे गाव, आणि त्याच्या पत्नीचेही नाव होते. मूळ पुरुष म्हणजे महजरातील तो धाकटा भाऊ. गृहस्थ घराण्याच्या कुलसंमेलनास गेले होते. तेथे कोणी तरी आमचे पुस्तक उघडून, तुमचा पूर्वज निर्वंश वारला, असे त्यांस दाखविले. त्यांना जमीन नको होती, पाटीलकीचा मान नको होता. पाटीलकी कायद्यानेच गेली त्यास साठ वर्षे होऊन गेली. त्यांनी विचारले ते इतकेच : "गुरुजी, मग आम्ही कोणाचे?"

आम्ही महजराची जुनी छायाप्रत काढून पुन्हा वाचावयास बसलो. महजरावर ज्यास लिहिता येत नसे तो आपल्या धंद्याची खूण करी, आणि कारकून तिच्यापुढे 'निशाणी' या शब्दाचे 'नि॥' असे रूप लिही. पाटलाचा नांगर, लोहाराचा सांडस, परटाची मोगरी, महाराचा विळा-दोर. आमच्या छायाप्रतीत धाकट्या भावाखाली चारच ओळींवर न्हाव्याच्या नावापुढे 'नि॥ आरसा' असे ढळढळीत आहे. ते आम्ही तीस वर्षांपूर्वीही पाहिले असले पाहिजे. आणि खुणेची गोष्ट बाजूस ठेवली तरी, जो मनुष्य हयात आहे, मजलशीत हजर आहे, साक्ष घालीत आहे, त्यास त्याच कागदावर निर्वंश कोण लिहील? हा विचार दहावीतल्या मुलास सुचावा. आम्हांस सुचला नाही, कारण कैफियतीतील दोन भावांस आम्ही आधीच खरे मानून बसलो होतो आणि तिसऱ्याची वासलात लावण्यास शब्द शोधीत होतो. ज्या हिशेबाने दोन भावांनी तिसऱ्यास कैफियतीतून वगळले असेल, तो हिशेब दीडशे वर्षांनी आमच्या हातून पुरा झाला.

या उताऱ्याने त्या वृद्ध गृहस्थांचा वंश सिद्ध झाला काय? नाही. त्यांच्या कागदात नऊ पिढ्या आहेत, आणि महजरापासून आजवरच्या काळास तेवढ्या जुळतात. नातवास आजोबाचे नाव ठेवण्याची रीत त्यात पाळलेली दिसते. गाव व कुलदैवत जुळते. त्र्यंबकेश्वराच्या वहीतील मूळ नोंद कोणत्या सालची, कोणाच्या हातची, हे आम्ही स्वतः जाऊन पाहिलेले नाही. ते पाहिल्याशिवाय संबंध संभवनीय आहे यापलीकडे आम्ही बोलणार नाही. एका कैफियतीवर भाळून चुकलो म्हणून दुसरीवर भाळावे हे प्रायश्चित्त नव्हे. परंतु त्यांचा पूर्वज निर्वंश वारला या विधानास कोणताही आधार नव्हता व नाही, हे मात्र निश्चित.

घराण्याच्या प्रमुख शाखेस आम्ही हे पत्राने कळविले आहे. उत्तर आलेले नाही. घराण्याचे नाव येथे देत नाही. ज्यांच्या घरी ते पुस्तक आहे त्यांस आमच्या प्रस्तावनेवरून ते ओळखता येईल. त्यांनी कृपा करून वंशवृक्षाच्या तिसऱ्या पिढीत धाकट्या बंधूच्या नावापुढील 'निर्वंश' हा शब्द खोडावा, आणि तेथे 'निशाणी नांगर. पुढील वंश शोधावयाचा' असे लिहावे. प्रस्तावनेतील त्यासंबंधीचा परिच्छेद आम्ही परत घेतला आहे.